थांब म्हणल्यावर थांबणारी जीप

घर्षण हा धडा मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं शिकवतो आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की गतीला विरोध होतो, हे वाक्य मी झोपेतही म्हणतो, असं माझी बायको धम्मप्रिया चारचौघांत सांगते. आणि अशा माणसाच्या दारात गेली चाळीस वर्षं एक जीप उभी आहे. ती सुरू होते, पळते, चढ चढते, गुडघाभर चिखलातून निघते, फक्त थांबत नाही. ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी पुष्कळ काळजी घेतली होती. ती सगळी एका महिन्यात कशी वाया गेली, ते सांगतो.

जीप बाबांची. बाबा, म्हणजे रामकिशन, पशुसंवर्धन खात्यात ड्रायव्हर होते. डॉक्टरांना घेऊन गावोगावच्या गोठ्यांवर जायचं आणि संध्याकाळी शेणाच्या वासासकट परत यायचं, ही त्यांची नोकरी. खात्याने जीप लिलावात काढली तेव्हा ती बाबांनीच घेतली. इतकी वर्षं आपण चालवली, आता परक्याच्या हाती देऊन तिला त्रास कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्रास तिला नव्हे, परक्याला झाला असता, हे आमचं म्हणणं होतं, पण ते आम्हाला कुणी विचारलं नाही.

तिला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. म्हणजे चाकाच्या आत लोखंडाचा एक उथळ डबा आणि त्यात दोन अर्धगोल शू. पेडल दाबलं की शू फाकतात, डब्याला आतून घासतात आणि गाडी थांबते. पुस्तकात एवढंच आहे. आमच्या जीपमध्ये पेडल तीनदा दाबावं लागे. पहिल्यांदा दाबायचं ते तिला कळवण्यासाठी, दुसऱ्यांदा विनंती म्हणून आणि तिसऱ्यांदा हुकूम. हुकमानंतर साधारण पंधरा हातांवर ती आज्ञाधारकपणे उभी राहायची. बाबा तेवढा हिशोब मनात धरूनच चालवत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

आईला वाटे. आईचं, पंचफुलाबाईंचं, माहेर देवणी. सव्वीस वर्षांपूर्वी मामाच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही जीपने गेलो. मामाचं अख्खं भावकीमंडळ अंगणात उभं होतं. आई नव्या साडीत बाबांच्या डाव्या हाताला बसली होती आणि तिने लांबूनच हसायलाही सुरुवात केली होती. बाबांनी कळवलं, विनंती केली, हुकूम सोडला. जीप अंगणासमोरून त्याच वेगाने पुढे गेली. आईचं हसू तसंच राहिलं, पाहुणे मात्र मागे गेले. शेवटी जीप मामाच्या कडब्याच्या गंजीत बॉनेटपर्यंत शिरून थांबली. शेजारीच मामाचा देवणी वळू बांधलेला होता. प्रदर्शनात पहिला नंबर आलेलं ते जनावर, पण त्याने वैरण तोंडात तशीच धरून आमच्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलो नाही.

आई खाली उतरली. केसांतला कडबा एकेक काडी करून काढला आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, "आजपासून म्या हिच्यात बसणार न्हाई. म्या थांब म्हणल्यावर जी थांबंल, तिच्यात बसंन."

आमच्या आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या दिवसापासून ती देवणीला एसटीने जाऊ लागली. आणि बाबा? बाबाही जात. एसटीच्या मागे, जीप घेऊन. पुढे लाल गाडी, तीत आई. मागे जीप, तीत बाबा एकटे. निघताना वेळ एक, पोचायचं ठिकाण एक, नवराबायको एक, फक्त गाड्या दोन. आई कायम एसटीच्या शेवटच्या बाकावर बसायची. तिथे हाडं खिळखिळी होतात हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी कितीदा पुढे बसायला सांगितलं, पण तिने ऐकलं नाही. हट्टी बाई आहे असं समजून मी सोडून दिलं होतं.

तर यंदा बाबांच्या लायसनची मुदत महिन्याअखेर संपत होती. डोळे उत्तम, पण उजवा गुडघा गेलेला. जन्मभर एका पेडलला तीनतीनदा दाबल्यावर दुसरं काय होणार. डॉक्टरांनी साफ सांगितलं, रामकिशनराव, ह्यापुढच्या कागदावर मी सही करणार नाही. बाबा घरी आले, चहा घेतला, आणि आई स्वयंपाकघरात आहे हे बघून मला हळूच म्हणाले, "संघपाल, महिना हाय हातात. तेवढ्यात ब्रेक व्हतील का रे? एकदा हिला श्येजारी बसवून देवणीला न्यायची हाय. म्याच चालवीन."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी छाती पुढे काढून हो म्हणालो. घर्षण शिकवणाऱ्या माणसाने आणखी काय म्हणायचं?

पहिल्याच रविवारी मी जीपखाली गोणपाट अंथरून आडवा झालो आणि पाच मिनिटांत कॉलनी जमली. मराठवाड्यात माणूस आजारी पडला तर एकेकटे भेटायला येतात, पण गाडीखाली पडला तर सगळे एकदम येतात. एकाने सांगितलं, ड्रम काढून टाका, डिस्क बसवा. दुसऱ्याने सांगितलं, जीपच काढून टाका. सगळ्यांत पुढे होते शेजारचे वैजनाथराव. त्यांचा लाकडी तेलघाणा आहे, आणि तेल ज्यात ज्यात जातं त्या सगळ्या विषयांवर आपला अधिकार आहे अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी खुर्ची मागवली, ती माझ्या पायांजवळ ठेवली आणि महिनाभर तिथून उठले नाहीत.

ड्रम निघेना. हातोडीने ठोकला तर हातोडीचा दांडा निघाला. वैजनाथरावांच्या सल्ल्याने पहार लावली तेव्हा ड्रम निघाला आणि त्याबरोबर आतली स्प्रिंगही निघाली. ती माझ्या कानाजवळून गेली, कुंपणावरून गेली आणि दिसेनाशी झाली. दोन दिवसांनी वैजनाथरावांच्या घरून उमादेवी वहिनी तूरडाळ चाळायच्या चाळणीतच ती घेऊन आल्या. डाळ गच्चीवर वाळत होती म्हणे. भाऊजी, पुढच्या वेळी आधी सांगत जा, म्हणजे डाळ झाकून ठेवते, एवढंच त्या म्हणाल्या. पुढची वेळ येणार हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे, कारण अजून तीन चाकं बाकी होती.

मी शूला लायनरचे नवे पट्टे बसवून आणले, सिलेंडरची रबरं बदलली आणि तिसऱ्या रविवारी नवरा-बायकोने मिळून करायच्या कामाला हात घातला. ब्रेकच्या नळ्यांत हवा अडकते, ती काढावी लागते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून चाकापाशी नट सैल करायचा. धम्मप्रिया वर बसली, मी खाली. मी दाब म्हणालो की ती दाबायची, सोड म्हणालो की सोडायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण मी सांगतोय आणि ती करतेय हे दृश्य कॉलनीने प्रथमच पाहिलं. ते फार वेळ टिकलं नाही. दहाव्या मिनिटाला तिने विचारलं की मी दाबलेलं तू म्हणण्याआधीच सोडलं तर काय होतं? तेच झालं होतं. सगळी हवा परत आत गेली होती.

आणि नेमकं ब्रेक ऑइल संपलं. रविवार, दुकानं बंद. वैजनाथराव खुर्चीतून उठले, घरात गेले आणि बाटली घेऊन आले. म्हणाले, "तेल म्हंजे तेल सर. दुकानातल्या डब्यात काय भेसळ असती तुमाला म्हाईत हाय का? ही करडी हाय, लाकडी घाण्याची. माणूस खाऊन राहिलाय तर लोखंडाला काय व्हतंय?"

मी शास्त्राचा माणूस आहे. द्रव दाबाखाली आकुंचन पावत नाही, करडीचं तेल हा द्रव आहे, म्हणून करडीचं तेल चालेल, असा मी विचार केला. प्रत्येक पायरी बरोबर होती. मी तेल ओतलं, हवा पुन्हा काढली आणि काय सांगू, पेडल पहिल्याच दाबाला दगडासारखं घट्ट. बाबांनी गल्लीत एक फेरी मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आई दारातून बघत होती. मग आत जाऊन तिने ट्रंकेतून साडी काढून बघितली, असं धम्मप्रियाने मला सांगितलं. त्या रात्री मला जी झोप लागली तशी पुन्हा लागलेली नाही.

तीन दिवसांनी जीप गल्लीच्या तोंडाशी गेली आणि उभी राहिली. ती कायमचीच. गिअर टाकला तरी हलेना, सहा जणांनी ढकललं तरी हलेना. चारही चाकं आतून घट्ट धरलेली. चाळीस वर्षं जी थांबत नव्हती ती आता हलत नव्हती, आणि ती दूधवाल्याच्या, कचरागाडीच्या आणि शिकवणीला निघालेल्या दोनशे पोरांच्या वाटेत आडवी उभी होती. महिना संपायला नऊ दिवस उरले होते. आईने साडी परत ट्रंकेत ठेवली.

बाबा म्हणाले, निलंग्याला माणिकप्पा आहे, खात्याच्या जीपा तोच बघायचा, जिवंत असला तर तोच करील. माणिकप्पा जिवंत होते. प्रश्न जीप तिथे न्यायचा होता. शेवटी कारखान्यावर ऊस टाकून रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला, जेसीबीने जीप उचलून त्यात ठेवली आणि बाबा ट्रकच्या केबिनमध्ये बसले. वैजनाथराव म्हणाले, गाडीच्या स्टेअरिंगवर कुणीतरी बसायला पाहिजे, नाहीतर ती घसरेल. जी जागची हलत नाही ती घसरेल कशी, हा प्रश्न मला निलंगा आल्यावर सुचला. तोपर्यंत मी चाळीस-बेचाळीस किलोमीटर ट्रकवरच्या जीपमध्ये, पाचटाच्या ढिगात, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसलो होतो. लातूर सोडताना चौकात लाल दिवा लागला. शेजारी एक शिकवणीची बस थांबली होती आणि तिच्या वरच्या खिडकीची पातळी नेमकी माझ्याएवढी होती. आतून एका मुलीने अत्यंत आदराने हात जोडून म्हटलं, "गुड मॉर्निंग सर." मीही उजवा हात स्टेअरिंगवरून काढून गुड मॉर्निंग म्हणालो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कुणीतरी घर्षण हा शब्द लिहून त्याखाली एक ट्रक काढला होता. मी तो पुसला नाही. चित्र प्रमाणबद्ध होतं.

माणिकप्पा ऐंशीच्या घरातले, कपाळाला विभूती, बोलणं अर्धं मराठी अर्धं कन्नड. त्यांनी एक नळी सोडवली, बोटावर थेंब घेतला, वास घेतला आणि विचारलं, "सर, मोहरी कुठं टाकलाव?"

मी खाली बघितलं. त्यांनी मग सावकाश समजावून सांगितलं. रबरं खाण्याचं तेल पिऊन फुगली, तेल मागे परतायची वाट बंद झाली, म्हणून दाबलेला ब्रेक सुटेना. मी घाईने म्हणालो की किती वेळ लागेल, सातच दिवस उरलेत. "निधान, सर, निधान," ते म्हणाले. निधान म्हणजे सावकाश, हे कन्नड मला कुणी सांगायला नको होतं. त्या शब्दाचा अर्थ ते काम करताना दिसतच होता. पण हात असे चालत होते की पाहत राहावं. त्यांनी नळ्या धुतल्या, रबरं फेकली, आणि नऊ इंची ड्रमच काढून बाजूला ठेवले. मागच्या खोलीतून गोणपाटात गुंडाळलेले अकरा इंची ड्रम आणले. दुसऱ्या एका जुन्या जीपचे, त्यांनी वीस वर्षं जपून ठेवलेले. लेथवर ते आतून गुळगुळीत करून घेतले, रुंद शू लावले. दोन इंचांनी काय होणार, असं मी मनात म्हणालो आणि मग आठवलं की त्रिज्या वाढली तर पकडीचा जोर वाढतो, हे मीच अकरावीला शिकवतो.

पेट्रोलच्या टाकीपासून पेडलपर्यंत सगळं तपासताना त्यांनी डाव्या सीटपुढचं जुनं रबराचं पायपुसणं उचललं आणि थांबले. खालच्या पत्र्यावर दोन जागी रंग गेला होता आणि पत्रा आत दबून दोन खळगे झाले होते. पावलांएवढे. मग बाबांना म्हणाले, "रामकिशन, इकडं पण पेडल होतं काय?"

बाबा म्हणाले, "पंचफुला बसायची तिथं."

म्हणजे बाबा उजवीकडे तीनदा दाबायचे तेव्हा डावीकडे आईही दाबत होती. चौदा वर्षं, प्रत्येक वळणावर, प्रत्येक उतारावर, दोन्ही पाय रोवून. माणिकप्पा पत्रा कापून नवा बसवतो म्हणाले, गंज धरेल. बाबा म्हणाले, तेवढा राहू द्या. जन्मभर गाडीच्या एकेका नटाबद्दल वाद घालणारा माणूस एवढंच बोलला आणि चहा सांगायला बाहेर गेला. मी ते रबराचं पायपुसणं गुंडाळून मागे टाकलं.

पुढे कागद. ड्रम बदलले म्हणून गाडी आरटीओच्या तपासणीला नेली तर तिथल्या साहेबांनी चेसिस नंबर दाखवा म्हटलं. नंबर चौकटीवर कोरलेला असतो, पण आमच्याकडे त्यावर रंगांचे थर होते. मी तिथेच मांडी घालून खरवडायला बसलो. वरचा हिरवा निघाला, खाली निळा आला. तो माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षीचा. त्यावर चुन्याचे ठिपके काढले होते. निळ्याखाली पिवळा. मी दहावीला पहिल्या वर्गात आलो तेव्हा बाबांनी खुशीत दिलेला. गावभर लोक विचारायचे शाळेची गाडी आहे का. पिवळ्याखाली खात्याचा करडा. करड्याखाली नंबर. मी वर बघितलं तेव्हा साहेब खाली वाकून बघत होते. ते म्हणाले, आमच्या वडिलांचीही एक होती, विकली.

नंतर ब्रेकची परीक्षा. साहेब शेजारी बसले, बाबांनी गाडी मैदानात पळवली आणि साहेब थांबा म्हणाले. चाळीस वर्षांची सवय. बाबांनी पूर्ण ताकदीने कळवलं. विनंतीची वेळच आली नाही. जीप जागच्या जागी खिळली, साहेबांचा चष्मा काचेवर आपटून पायाशी पडला आणि टोपी बाबांच्या मांडीवर आली. मी डोळे मिटले. साहेब उतरले, चष्मा पुसला, वाकडी काडी सरळ केली आणि सही करता करता म्हणाले, "ब्रेक हायेत."

महिना संपायला एक दिवस उरला होता.

सकाळी जीप दारात उभी राहिली. आई बाहेर आली तेव्हा ट्रंकेतली साडी अंगावर होती, पण बसायच्या आधी तिने परीक्षा घेतली. गल्लीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, या आता. बाबा आले. तिने हात वर केला आणि म्हणाली, थांबा. जीप तिच्यापासून चार हातांवर थांबली. वैजनाथरावांनी खुर्चीतून टाळी वाजवली. तेल आपलंच आहे असा त्यांचा अजून समज होता. आई वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि पदर खोचून वर चढली. मी आणि धम्मप्रिया मागे बसलो.

निलंगा मागे पडलं. पुढे देवणीच्या रस्त्याला एक एसटी आमच्या पुढे लागली. तिच्या मागच्या काचेतून कुणीतरी बाई आमच्याकडे बघत होती. धम्मप्रियाने सहज विचारलं, आई, तुम्ही इतकी वर्षं मागच्या बाकावर का बसायच्या हो?

आई समोर बघतच म्हणाली, "मागच्या काचंतून हे दिसायचे. एसटी उभी राह्यली की ह्यांची गाडी थांबती का न्हाई, ह्यो घोर. तितूनच पाय दाबून बसायचे म्या."

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. रस्त्यावर नजर ठेवून त्यांनी फक्त वेग थोडा कमी केला. सव्वीस वर्षं दोन गाड्यांतून ते एकच ब्रेक दाबत होते, आणि मी तिला हट्टी बाई समजत होतो.

देवणीला मामाच्या अंगणात पुन्हा सगळे उभे होते. धम्मप्रियाने फोन करून ठेवला होता. मामा आता काठी टेकत होता, गंजीच्या जागी न्हाणीघर झालं होतं आणि वळूच्या जागी त्याचा पणतू बांधलेला होता. आई लांबूनच हसायला लागली. अंगण आलं. ती म्हणाली, "थांबा."

जीप अंगणाच्या बरोबर मधोमध थांबली. आईचं हसू, पाहुणे आणि जीप, तिन्ही एका जागी. सगळे पुढे आले, मामाने हात पुढे केला, पण आई उतरेना. मी मागून वाकून बघितलं. तिचे दोन्ही पाय पत्र्यातल्या त्या खळग्यांत रोवलेले होते, बोटं पांढरी पडली होती.

बाबा हळूच म्हणाले, "पंचफुला, पाय उचल. थांबली हाय."

"मला म्हाईत हाय," आई म्हणाली, आणि तरी तिने पाय लगेच उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांचं लायसन संपलं. आता जीप मी चालवतो. बाबा डावीकडे बसतात, त्यांचे पाय आईच्या खळग्यांत थोडे मोठे होतात. आई मागे बसते. मी ब्रेक दाबला की मागून तिचा आवाज येतो, "आवं, दाबा की." बाबा दुखऱ्या गुडघ्याने पत्रा दाबतात. गाडी थांबते. अकरा इंची ड्रममुळे थांबते हे मला सूत्रासकट सिद्ध करता येईल, पण त्या दोघांना मी ते अजून सांगितलेलं नाही.